लहान माशाची पावती



चाळीस वर्षे रुग्णसेवा करून निवृत्त झालेल्या माणसाने इतिहासावर लिहावे काय, असा प्रश्न तुम्हांला पडेल. लिहावयास बसलो तेव्हा आम्हांलाही तो पडला होता. परंतु इतिहास हा काही फक्त प्राध्यापकांचा नव्हे. तो दुकानाच्या पावतीत असतो, स्वयंपाकघरात असतो आणि गावाच्या नावातही असतो. आम्ही जी हकीगत सांगणार आहोत ती याच तीन ठिकाणी सापडलेली आहे.

आमची मुलगी आणि जावई जर्मनीत र्युसेल्सहाइम या गावी राहतात. वर्षातले दोन-तीन महिने आम्ही त्यांच्याकडे काढतो. हे गाव माइन नदीच्या काठी आहे. एका बाजूस फ्रँकफुर्ट आणि दुसऱ्या बाजूस, जेथे माइन नदी ऱ्हाइनला मिळते तेथे, माइन्त्स. गावाचे नाव मोटारी बनविणाऱ्या ओपेल कंपनीमुळे जगभर झाले. पहिल्यांदा आलो तेव्हा आम्हांला वाटले, येथे कारखान्याच्या भिंतीशिवाय पाहण्यासारखे काय असणार? तो समज आमच्या नऊ वर्षांच्या नातीने घालविला.

या मुलीला एक खेळ फार आवडतो. रात्री जेवणे झाली की ती नवलाची एक गोष्ट सांगते आणि विचारते, "आजी, खरे की खोटे?" उत्तर चुकले तर भांडी आम्ही पुसावयाची, बरोबर आले तर तिने. या खेळात आम्ही पुष्कळ भांडी पुसली. मात्र त्याच्या निमित्ताने आम्ही गावच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात गेलो, चार पुस्तके चाळली, आणि जे कळले ते येथे मांडीत आहोत.

पहिला प्रश्न गावाच्या नावाचा. जर्मन भाषेत 'र्युसेल' म्हणजे सोंड आणि 'हाइम' म्हणजे घर. तेव्हा र्युसेल्सहाइम म्हणजे सोंडेचे घर, आणि पूर्वी येथे कोणा राजाचा हत्ती बांधलेला असे, खरे की खोटे? आम्ही हिंदुस्थानात जन्मलेली माणसे. हत्ती म्हटले की आम्हांला आनंदच होतो. आम्ही चटकन 'खरे' म्हटले आणि भांडी पुसली. या नावाशी हत्तीचा काही संबंध नाही. जुन्या दस्तऐवजात गावाचे नाव 'रुसिलेसहाइम' असे आढळते. रुसिलो किंवा तशा नावाचा कोणी फ्रँक माणूस होता, त्याचे हे घर. आपल्याकडे एखाद्या रामजीची वाडी ती रामवाडी होते, तसेच हे. पुढे रुसिलोला सारे विसरले, उच्चार बदलला, आणि लोकांना त्यात सोंड दिसू लागली. खरा अर्थ हरवला की त्या जागी गोष्ट येऊन बसते.

दुसरा प्रश्न मांजराचा. मध्ययुगात र्युसेल्सहाइम हे कात्झेनेल्नबोगनच्या काउंटांच्या ताब्यात होते. 'कात्झे' म्हणजे मांजर आणि 'एल्नबोगन' म्हणजे कोपर. म्हणजे या सरदार घराण्याचे नाव मांजराचे कोपर! आम्ही या वेळी शहाणे झालो होतो, म्हणून 'खोटे' म्हटले. पुन्हा भांडी पुसली, कारण घराण्याचे नाव खरोखरच तसे आहे. मूळ अर्थ मांजराचाच होता काय यावर भाषातज्ज्ञांत वाद आहेत, पण शब्द वाचला तर मांजराचे कोपरच होते, आणि त्या काळच्या लोकांनीही तो तसाच वाचला. ऱ्हाइनच्या काठी या काउंटांचा एक किल्ला आहे, त्याला लोक 'कात्झ' म्हणजे मांजर म्हणतात. जवळच त्यांचे प्रतिस्पर्धी, ट्रिअरचे आर्चबिशप, यांचा किल्ला आहे, त्याचे नाव 'माउस' म्हणजे उंदीर पडले. मांजरवाल्यांनीच थट्टेने ते नाव ठेवले असे सांगतात. दोन्ही किल्ले आजही उभे आहेत.

येथपर्यंत ही मौज झाली. परंतु कात्झेनेल्नबोगन हे नाव ऐकताच आम्ही सावध झालो, कारण ते आम्ही पूर्वी सिनागॉगमध्ये ऐकलेले होते. राब्बी मेइर कात्झेनेलेनबोगन हे सोळाव्या शतकातले मोठे विद्वान. इटलीतल्या पादुआ येथे ते राब्बी होते, म्हणून त्यांना 'महाराम पादुआ' म्हणतात. १५५० मध्ये व्हेनिस येथे राम्बामच्या मिश्ने तोराची जी आवृत्ती छापली तिच्यात त्यांच्या टीपा आहेत. १५६५ मध्ये ते वारले. त्यांचा जन्म कात्झेनेल्नबोगन या गावी झाला होता, आणि गाव सोडल्यावर गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून आपल्याबरोबर नेले.

वाचकहो, ही रीत तुम्हांला ओळखीची वाटत नाही काय? किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर, नवगावचे ते नवगावकर. आपल्या कुळांपैकी शंभराहून अधिक कुळांनी कुलाबा जिल्ह्यातली गावे अशी आडनावात बांधून नेली आहेत. आम्ही नातीला सांगितले, "हे राब्बी म्हणजे मराठीत कात्झेनेल्नबोगनकर!" ती इतकी हसली की त्या रात्री भांडी कोणीच पुसली नाहीत. गाव सुटले की माणूस जे घेऊन निघतो त्यात वजन नसलेली एकच वस्तू असते, ती म्हणजे गावाचे नाव.

या घराण्याबद्दल आणखी एक प्रसिद्ध गोष्ट आहे. राब्बी मेइर यांचा नातू शाऊल वाल हा पोलंडमध्ये मोठा व्यापारी झाला. १५८७ मध्ये पोलंडचा राजा निवडताना सरदारांत एकमत होईना, तेव्हा एका रात्रीपुरते शाऊल वाल यालाच राजा केले, असे आपले लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले. शाऊल वाल हा खरा माणूस होता आणि त्याची श्रीमंतीही खरी होती. पण पोलंडच्या राजांच्या यादीत त्याचे नाव नाही. एका रात्रीचे राज्य गोष्टीत आहे, कागदात नाही. गोष्ट गोड आहे, आम्हीही ती नातीला सांगितली. परंतु कागदाचा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. काउंट योहान चौथा याच्या काळातला हिशेबाचा एक कागद शिल्लक आहे. तारीख १३ मार्च १४३५. क्लाउस क्लाइनफिश नावाच्या माणसाचा तो हिशेब. त्यात एक ओळ अशी की र्युसेल्सहाइमच्या द्राक्षमळ्यात लावण्यासाठी रीसलिंग जातीच्या वेली घेतल्या, त्याचे २२ शिलिंग. बस्स, एवढेच. वेल कशी होती, फळ कसे होते, याबद्दल अक्षर नाही. पण सगळ्या जगात रीसलिंग या द्राक्षाचे नाव ज्यात लिहिलेले निश्चितपणे सापडते असा हा सर्वांत जुना कागद ठरला आहे. आज जर्मनीत सर्वांत अधिक जमीन ज्या द्राक्षाखाली आहे ते हेच, आणि १३ मार्च हा दिवस द्राक्षमळेवाले लोक रीसलिंगचा वाढदिवस म्हणून पाळतात.

आणि 'क्लाइनफिश' याचा अर्थ काय? लहान मासा. हे मात्र आमच्या नातीने विचारण्यापूर्वीच आम्ही ओळखले.

याचे नवल वाटण्याचे कारण असे. मांजराचे कोपर असलेले ते मोठे घराणे १४७९ मध्ये वारस नसल्यामुळे संपले आणि त्यांचा मुलूख हेसच्या सरदारांकडे गेला. किल्ल्याची पुढे मोठी गढी झाली, ती १६८९ च्या सुमारास फ्रेंच सैन्याने उडविली. काउंटांनी कोणती मेजवानी दिली, कोणाशी लढाई केली, हे आज अभ्यासकांशिवाय कोणी विचारीत नाही. पण त्या लहान माशाने २२ शिलिंग कोठे गेले हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, आणि जवळजवळ सहाशे वर्षांनी जगभरचे लोक त्याचे नाव घेतात. त्याला स्वतःला याची कल्पनाही नसेल. त्याला फक्त हिशेब जुळवावयाचा होता.

आम्ही परिचारिकेचे काम शिकलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्हांला एक नियम पाठ करावयास लावला होता: जे लिहिले नाही ते केले नाही. औषध दिले, पण तक्त्यावर नोंद केली नाही, तर ते दिलेच नाही असे धरावयाचे. उमेदवारीच्या काळात एकदा रात्रपाळीस असताना, कोणत्या रुग्णालयात ते सांगण्याची गरज नाही, आम्ही एका म्हाताऱ्या गृहस्थांना गुंगीचे औषध दिले आणि तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून हाक आली म्हणून नोंद राहून गेली. पहाटे पाळी बदलली. नवी आलेली बहीण तेच औषध घेऊन त्यांच्या उशाशी उभी होती. आम्ही जिन्यावरून परत धावलो म्हणून बरे. ते गृहस्थ हसून म्हणाले, "मुली, मला वाटले तू निरोप घ्यायला आलीस." त्या दिवसापासून लिहिण्यात आम्ही कधी आळस केला नाही. निदान वॉर्डात केला नाही. घरात केला, ते पुढे सांगतो.

रीसलिंगबद्दल आणखी थोडे सांगावयास हवे, कारण आपल्या शब्बाथच्या पेल्याशी त्याचे नाते आहे. र्युसेल्सहाइमहून माइन ओलांडून पलीकडे गेले की ऱ्हाइनगाउ हा द्राक्षांचा मुलूख लागतो. तेथील योहानिसबर्गच्या टेकडीवर १७२० च्या सुमारास फुल्डाच्या मठाधिपतींनी सुमारे २ लाख ९४ हजार वेली रीसलिंगच्याच लावल्या. फळ तोडावयाची परवानगी दरवर्षी दूरच्या फुल्डाहून घोडेस्वार घेऊन येई. १७७५ साली त्या स्वारास उशीर झाला. का झाला याच्या गोष्टी अनेक आहेत. तोपर्यंत वेलीवरची द्राक्षे बुरशी धरून सुरकुतली. लोकांनी नाइलाजाने तीच तोडली, आणि त्यांचा द्राक्षारस पूर्वी कधी झाला नव्हता इतका गोड व उत्तम निघाला. तेव्हापासून उशिरा तोडणी करण्याची पद्धत तेथे पडली. त्या स्वाराचा पुतळा आज त्या अंगणात उभा आहे. उशीर केला म्हणून पुतळा झालेला दुसरा सरकारी नोकर आम्हांला ठाऊक नाही.

या बुरशीचे काम मोठे मजेचे आहे. ती फळाच्या सालीला बारीक छिद्रे पाडते, आतले पाणी उडून जाते आणि साखर आटून राहते. फळ वेलीवरच मनुक्यासारखे होते. अशा फळांच्या रसाला जर्मन लोक जे लांबलचक नाव देतात त्याचा अर्थच 'सुकलेल्या फळांतून निवडलेले' असा आहे, आणि त्याची एक छोटी बाटली घेण्यास आमचे निवृत्तिवेतन अपुरे पडेल. ते वाचून आम्ही मनात म्हटले, अहो, मनुक्यांचा रस काय असतो हे आमच्या कोकणातल्या आज्यांना तुमच्या घोडेस्वाराची वाट न पाहता ठाऊक होते!

कारण तुम्ही जाणताच, कोकणात आपल्या वाडवडिलांना किद्दुशसाठी द्राक्षारस मिळत नसे. द्राक्षे होत नव्हती आणि यहुदी हातांनी केलेला रस विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या आयांनी काळे मनुके पाण्यात भिजवून, कुसकरून, फडक्यातून गाळून शरबत केले आणि त्यावर द्राक्षवेलीच्या फळाची बराखा म्हटली. ही काही सोयीपुरती काढलेली पळवाट नव्हे. मनुक्यांच्या रसावर किद्दुश करण्यास आपल्या प्राचीन राब्बींचीही मान्यता आहे. आज नाशिककडे द्राक्षमळे झाले, तेथील सुला कंपनीने रीसलिंगही केले. तरी मुंबईत आणि इस्राएलमध्ये आपल्या कितीतरी घरांत अजून मनुक्यांचे शरबतच पेल्यात असते.

मनुक्यांकडे पुन्हा येऊ. त्याआधी नातीचे आणखी दोन प्रश्न, कारण त्यांवाचून गावाची हकीगत पुरी होत नाही.

ओपेलचा कारखाना गाईच्या गोठ्यात सुरू झाला, खरे की खोटे? खरे. आडाम ओपेल हा कुलुपे करणाऱ्याचा मुलगा. पॅरिसमध्ये राहून तो शिवणयंत्रे करावयास शिकला आणि १८६२ मध्ये गावी परतून मामाच्या रिकाम्या गोठ्यात त्याने काम मांडले. म्हणजे ओपेलची पहिली वस्तू मोटार नव्हे, तर शिवणाचे यंत्र. १८८६ पासून सायकली झाल्या. आडाम ओपेल १८९५ मध्ये वारला, आणि पहिली मोटार निघाली ती १८९९ साली, त्याच्या पत्नीच्या व पाच मुलांच्या हातून. पुढे कारखाना इतका वाढला की १९२९ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने तो घेतला. योगायोग असा की त्याच जनरल मोटर्सने त्याच्या आदल्याच वर्षी, १९२८ मध्ये, आपल्या मुंबईत शिवडीला मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता. म्हणजे एकाच मालकाची दोन घरे, एक शिवडीला व एक र्युसेल्सहाइमला! शिवडीचे १९५४ मध्ये बंद झाले. ओपेल पुढे २०१७ मध्ये फ्रेंच कंपनीकडे आणि २०२१ पासून स्टेलांटिस या मोठ्या समूहाकडे गेले.

दुसरा प्रश्न बेडकाचा. १९२४ मध्ये ओपेलने एक छोटी हिरवी गाडी काढली. फिरत्या पट्ट्यावर तयार होणारी ती जर्मनीतली पहिली मोटार. लोकांनी तिला 'लाउबफ्रोश' म्हणजे झाडावरचा हिरवा बेडूक असे नाव दिले. ती सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या छोट्या पिवळ्या गाडीसारखीच दिसे. जर्मनमध्ये एक बोली आहे, 'तेच ते, पण हिरव्या रंगात'. आपण 'नाव बदलले, पण माल तोच' म्हणतो तशी. ही बोली या बेडकावरूनच पडली, असे गावातला प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. खरे की खोटे? आम्ही 'खरे' म्हटले. पण ही बोली त्या गाडीच्या आधीच्या छापील मजकुरातही आढळते. बेडूक नंतर आला आणि तयार म्हणीवर उडी मारून बसला. पाहा, शंभर वर्षांपूर्वीची, छापखाने आणि वर्तमानपत्रे असलेल्या काळातली गोष्ट, तिच्याबद्दलसुद्धा लोकांची अशी खात्री असते. मग हजार-दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर काय झाले याबद्दल आपण कागदावाचून किती ठामपणे बोलावे? आम्ही ती कथा टाकावी असे म्हणत नाही. ती आमच्या आजीने सांगितली आणि आम्ही नातीला सांगितली. एवढेच की, गोष्ट ती गोष्ट आणि नोंद ती नोंद, हे आपणच आपल्या मुलांना वेगळे करून दाखवावे.

आणि नोंद म्हटली की फक्त गोड ओळीच ठेवता येत नाहीत. युद्धकाळात या गावच्या कारखान्यात परदेशातून आणलेल्या माणसांकडून सक्तीने काम करून घेतले जाई. २६ ऑगस्ट १९४४ रोजी, रात्रीच्या भयंकर बॉम्बहल्ल्यानंतर सकाळी, पकडलेल्या आठ अमेरिकन वैमानिकांना गावातून नेत असता जमावाने त्यांच्यावर हल्ला केला आणि सहा जण ठार झाले. दोघे वाचले. १९४५ मध्ये डार्मश्टाट येथे खटला चालला, साक्षी लिहिल्या गेल्या, म्हणून आज हे कोणी नाकारू शकत नाही. शेजारच्या माइन्त्समध्ये १०९६ साली क्रूसवाल्यांनी आपल्या लोकांची कत्तल केली. त्या मृतांची नावे लिहून ठेवणारी स्मरणाची पोथी, १२९६ पासूनची, आजही ज्ञात आहे. सिनागॉगमध्ये त्यातील नावे मोठ्याने वाचली जात. १९३८ मध्ये माइन्त्सचे सिनागॉग जाळले गेले. त्याच जागी २०१० मध्ये नवे उभे राहिले. वॉर्डातला तक्ता आम्ही रुग्ण बरा झाला तरी लिहितो आणि गेला तरी लिहितो. गावाचेही तसेच असावे.

आता आपल्या घरी येऊ.

आपल्या सणांची जुनी मराठी नावे आठवून पाहा. खिरीचा सण. दारफाळणीचा सण. दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. आंबटाचे भांडे झाकून ठेवावयाचे तो अनाशी धाकाचा सण. आणि आब महिन्याच्या नवमीचा बिरड्याचा रोजा. र्युसेल्सहाइमच्या नावात हत्ती नाही आणि म्हणीत बेडूक नाही. पण आपल्या या नावांत खीर खरीच आहे आणि वालाचे बिरडेही खरेच आहे. हिब्रू नावे ज्यांना ठाऊक नव्हती त्या पिढ्यांनी सण स्वयंपाकघरातून सांभाळला, याचा हा पुरावा.

पण ही नावे आज आपल्याला कशी माहीत? हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी ती लिहून ठेवली म्हणून. १८७५ मध्ये मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढणारे ते हेच. पुढे जिचे नाव सर एली कदूरी शाळा झाले, त्या शाळेत आम्ही मराठी अक्षरे गिरवली. किहीमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. पुस्तक छापून निघाले ते १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. चाळीस वर्षे ते बाड कोणीतरी जपले. मधल्या एका पावसाळ्यात ते भिजले असते, किंवा कोणी आवराआवरीत रद्दीत घातले असते, तर आपल्या आज्यांच्या सणांची निम्मी नावे आज आपल्याला ठाऊक नसती.

रद्दीचे नाव काढले आणि आमचीच लाज आमच्यापुढे उभी राहिली. ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमची आजी अलिबागला इस्राएल आळीत राहत असे. शाळा तिने चौथीपर्यंत पाहिली, पण हिशेब चोख. तिची एक लांबट वही होती, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. शब्बाथला किती मनुके घेतले, काय भावाने, कोणत्या दुकानातून, मलिद्यासाठी पोहे किती, नारळ किती, कोणाच्या नवसाला कोण जेवावयास आले, सारे तीत असे. आजी गेल्यावर ती वही मुंबईला आमच्या घरी आली. १९७७ मध्ये आमचे कुटुंब इस्राएलला निघाले. विमानात माणशी वीस किलो सामान. भांडी की कपडे, दिवा की फोटो, यावर रोज वाद होत. आम्ही सतरा वर्षांचे, नव्या देशाच्या उत्साहात. रद्दीवाला दाराशी आला तेव्हा वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर ती वही आम्ही आमच्या हातांनी त्याच्या तराजूत टाकली. आईने विचारले तेव्हा म्हणालो, "हिशेबाची वही, जुनी, काय करायची आहे?" आई काही बोलली नाही. त्या रद्दीचे किती पैसे आले ते आठवत नाही. त्याची नोंद आम्ही केली नाही.

गेल्या वर्षी र्युसेल्सहाइमच्या संग्रहालयातून परतताना नातीने विचारले, "आजी, त्या लहान माशाने लिहिले तसे आपले काही आहे का? आपले शरबत किती मनुक्यांचे करायचे?" आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही आजवर अंदाजाने करीत आलो. म्हणून दिमोनाला मावशीला फोन केला. ती म्हणाली, एक वाटी मनुक्यांना दोन वाट्या पाणी, उकळायचे. अश्दोदच्या मामी म्हणाल्या, उकळायचे तर मुळीच नाही, रात्रभर भिजत ठेवायचे. आमच्या यजमानांचे म्हणणे, त्यांच्या घरी तीन वाट्या पाणी असे आणि चव त्यांच्या आईच्याच हाताला होती. तिघांपैकी प्रत्येकाची खात्री पक्की. खरे की खोटे? निवाडा करील अशी एकच वस्तू जगात होती, आणि ती आम्ही किलोच्या भावाने विकली होती.

शेवटी त्या शुक्रवारी आम्ही तराजू आणि मापाचे भांडे घेऊन बसलो. काळे मनुके पाव किलो, गरम पाण्याने दोनदा धुतले. पाऊण लिटर उकळून निववलेले पाणी घालून आदल्या रात्री झाकून ठेवले होते. सकाळी हातांनी चांगले कुसकरले, स्वच्छ मलमलीतून पिळून गाळले. रंग दाट आला, चव आजीच्या जवळ आली. तंतोतंत नव्हे, जवळ. हे शीतकपाटात दोन दिवस राहते, पुढे आंबू लागते, ही आमच्या जुन्या पेशाची सूचना. नातीने सारे वहीत लिहिले, जर्मन अक्षरांत, आणि आम्ही खाली मराठीत. मनुक्यांच्या दुकानाची पावतीसुद्धा तिने डिंकाने चिकटविली. वर तारीख घातली. मग म्हणाली, "आजी, सही कर."

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी कोकणात आयांच्या हाताखाली काम केले आहे अशी माणसे आता साठी-सत्तरीच्या पुढे गेली. आमची एवढीच विनंती की प्रत्येकाने या महिन्यात एक पान लिहावे. मलिद्याचे प्रमाण असेल, बिरड्याचे असेल, चिकाच्या हलव्याचे असेल, वा कुलाब्याच्या घरातून निघताना काय बरोबर घेतले व काय मागे राहिले याची यादी असेल. भाषा साधी असली तरी चालेल. मात्र तारीख, माप आणि गावाचे नाव घालण्यास विसरू नये. आठवत नसेल तेथे तसेच लिहावे, गोष्ट रचून भरू नये. आणि घरात कोणाची जुनी हिशेबाची वही असेल, तर रद्दीवाला येण्यापूर्वी तिच्यावर मुलांची नजर पडू द्यावी.

आमच्या नातीच्या वहीची आता चौदा पाने झाली आहेत. तिच्या पहिल्या पानावर तिने एक लहान मासा काढला आहे.